यार्डातला फोन आणि पत्त्यांची बांधबंदिस्ती



आजवर या पत्रिकेत मी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहीत आलो. यावेळचा विषय पाहून काहींना वाटेल, की ऊस विकास अधिकाऱ्याने शेत सोडून फोनच्या भानगडीत कशाला हात घातला? त्याला कारण आहे. गेल्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, बिनतारी फोनवर एवढा पैसा घातला, मग त्या पहाटे आमच्या गाड्या दोन तास जागच्या हलल्या का नाहीत?" सभेत उत्तर द्यायला वेळ नव्हता. आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही पुरते उत्तर ठाऊक नव्हते. नंतर संगणक विभाग आणि विद्युत विभागातल्या मंडळींबरोबर बसून ते समजून घेतले. पैसा सभासदांचा आहे, ऊसही सभासदांचा आहे, तेव्हा उत्तर सर्वांना मिळाले पाहिजे.

त्या पहाटे काय घडले

आपल्या कारखान्यात यार्ड, वजनकाटा, गव्हाण, मिलहाऊस, बॉयलर, सुरक्षा आणि शेतकी खाते यांच्याकडे मिळून ३६ बिनतारी फोन आहेत. हे खिशातल्या मोबाइलसारखे दिसतात, पण कंपनीच्या टॉवरवर चालत नाहीत. कारखान्याच्या आवारात बसविलेल्या वायफायच्या डब्यांवर, म्हणजे ॲक्सेस पॉइंटवर चालतात. "मोबाइल असताना हे कशाला?" असे बरेचजण विचारतात. कारण असे, की मोबाइल माणसाचा असतो आणि हा फोन कामाचा असतो. यार्ड सुपरवायझर पाळीला बदलतो, पण यार्डाचा नंबर तोच राहतो. शिवाय मिलहाऊसच्या लोखंडी सांगाड्यात मोबाइलची रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो.

गेल्या गाळप हंगामात जानेवारीतल्या एका पहाटे गव्हाणीवर ऊस अडकला. यार्डाला निरोप गेला, "गाड्या सोडू नका." इथवर फोन चालू होते. त्यानंतर चारची पाळी बदलण्याच्या सुमारास क्षणभर वीज गेली आणि आली. अर्ध्या तासात गव्हाण मोकळी झाली, मिल सुरू झाली; पण "गाड्या सोडा" हा निरोप यार्डात पोहोचेना. यार्डाच्या फोनवर "पत्ता मिळत नाही" एवढेच दिसत होते. नव्या पाळीच्या सुपरवायझरला शेवटचा निरोप "थांबवा" असा मिळालेला, म्हणून त्याने गाड्या थांबवून ठेवल्या. त्यात त्याची काही चूक नव्हती. तिकडे मिलवाल्यांना वाटले, यार्डातच ऊस नाही. शेवटी एकजण मोटारसायकलवर निरोप घेऊन आला, तोवर दोन तास गेले होते.

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितले आहे. ऊस जसजसा वाळतो तसतसे वजन घटते, आणि त्यातल्या साखरेचे विघटन होऊन उताराही घटतो. वजन गेले तर ज्याचा ऊस त्याचे नुकसान, उतारा गेला तर सगळ्यांचेच. यार्डात गाडी उभी राहणे म्हणजे नुसता चालकाचा वेळ जाणे नव्हे.

फोन शाबूत होते, पत्ते संपले होते

दुसऱ्या दिवशी पहिला निष्कर्ष निघाला, की फोन खराब आहेत. पुरवठादाराने नवीन, महागड्या फोनचे दरपत्रकही दिले. सुदैवाने ते लगेच मंजूर झाले नाही. कारण फोन बिघडले नव्हतेच. बिघडली होती ती पत्त्यांची वाटणी.

संगणक असो, कॅमेरा असो की वायफायचा फोन असो, जाळ्यावर बोलायला प्रत्येकाला एक पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंबे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. ही पद्धत १९८१ साली ठरली. पुढे १९९६ च्या नियमाने काही पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते त्यांत येतात. हे पत्ते आपल्या आवारात कोणालाही फुकट वापरता येतात. म्हणजे पत्त्यांना पैसे पडत नाहीत, फक्त मांडणीला डोके लागते.

या पत्त्याचे दोन भाग असतात. सातबाऱ्यावर जसा आधी गट नंबर आणि मग हिस्सा, तसेच समजा. पहिला भाग तुकडा कोणता ते सांगतो, दुसरा त्या तुकड्यातले ठिकाण सांगतो. या तुकड्यालाच सबनेट म्हणतात. पत्त्यापुढे तिरपी रेघ मारून /२४ लिहिले, तर एकूण ३२ खुणांपैकी पहिल्या २४ तुकड्याच्या आणि उरलेल्या ८ ठिकाणाच्या. आठ खुणांत २५६ पत्ते बसतात. त्यातला पहिला तुकड्याच्या नावाला जातो आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारायला लागतो. बांधाखाली जशी थोडी जमीन जाते तसे हे दोन गेले, की हाती राहतात २५४.

इथे एक गोष्ट उलटी आहे, ती ध्यानात ठेवावी. रेघेपुढचा आकडा वाढला की तुकडा लहान होतो. /२५ म्हणजे १२६ वापरण्याजोगे पत्ते, /२६ म्हणजे ६२, आणि /२८ म्हणजे अवघे १४. आकडा कमी केला तर तुकडा मोठा होतो: /२३ म्हणजे ५१०, /२२ म्हणजे १०२२.

आता आपला हिशेब बघा. सगळ्या कारखान्याला मिळून एकच /२४ चा तुकडा होता, म्हणजे २५४ पत्ते. त्यातले राउटर, संगणक, प्रिंटर आणि काट्याची यंत्रे यांना ९२ गेले. कॅमेऱ्यांना ४८ गेले. राहिले ११४. त्यात ३६ फोन धरले की उरले ७८. आणि या ७८ मध्ये कोण? पाळीवरच्या दीड-दोनशे माणसांचे खिशातले मोबाइल, आणि यार्डातले चालक. वायफायचा पासवर्ड काट्याच्या खिडकीवर पेनाने लिहिलेला होता.

तो तिथे कसा आला, हेही सांगतो. चालकांना आपला नंबर मोबाइलवर बघता यावा, थंडीत सारखे खिडकीशी येऊन विचारावे लागू नये, म्हणून पासवर्ड देऊन टाका असे मीच सांगितले होते. हेतू चांगला होता. पण विहीर एक, मोटारी किती बसवायच्या हे न मोजता मी मोकळीक दिली. तेव्हा त्या दोन तासांत माझाही वाटा आहे.

हे पत्ते वाटण्याचे काम एक यंत्रणा करते, तिला डीएचसीपी म्हणतात. ती प्रत्येकाला ठराविक मुदतीसाठी पत्ता देते आणि आपल्या वहीत लिहून ठेवते. आपल्याकडे मुदत एक दिवसाची होती. म्हणजे रात्री आठला घरी गेलेल्या माणसाचा मोबाइलही आपला पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून बसायचा. नंबर लावलेला माणूस टोकन खिशात घालून गावाला गेला तर जे होईल तेच. त्या पहाटे वीज जाऊन आली आणि आपल्या लहान राउटरची ही वहीच कोरी झाली. सगळे एकदम पत्ता मागायला धावले. जो आधी आला त्याला मिळाला. मोबाइल चपळ निघाले, फोन मागे राहिले.

बोलणे म्हणजे ठिबक

"मग सगळ्यांना मोठा तुकडा द्या, झालं!" असे कोणी म्हणेल. तेवढ्याने पत्ते पुरतील, पण बोलणे सुधारणार नाही. त्यासाठी आवाज जाळ्यावरून कसा जातो ते पाहू.

फोन आपल्या आवाजाची बारीक पाकिटे करतो. सर्वसाधारण पद्धतीत एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि वर पत्त्या-शिक्क्यांचे ४०. असे एका दिशेला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट होतात. हे फार नाही. एका कॅमेऱ्याचे चित्र याच्या कित्येक पट जागा खाते.

पण आवाजाची खोड वेगळी आहे. त्याला पाणी थोडे लागते, मात्र अखंड लागते. संगणकातली फाईल म्हणजे पाटपाणी: तासभर उशिरा आले तरी वाफा भरतो. बोलणे म्हणजे ठिबक: धार तुटली की झाड लगेच सांगते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, की बोललेला शब्द पलीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. उशिरा आलेले पाकीट फोन टाकूनच देतो, कारण पुढचा शब्द निघून गेलेला असतो. मग "गाड्या सो…" एवढेच ऐकू येते, आणि सोडा म्हणाला की सोडू नका, कळायला मार्ग नाही. यार्डात हा फरक लहान नाही.

एकाच तुकड्यात सगळे कोंबल्याचा दुसरा तोटा म्हणजे दवंडी. जाळ्यावरची यंत्रे काही निरोप सर्वांना उद्देशून देतात, "अमुक पत्त्याचा कोण आहे?" अशा स्वरूपाचे. तुकड्यात जितकी यंत्रे जास्त तितक्या दवंड्या जास्त. तारेवर त्याचे काही वाटत नाही. पण वायफायचा फोन बॅटरी वाचवायला मधूनमधून डुलकी घेतो, आणि प्रत्येक दवंडीला त्याला जागे व्हावे लागते. आपल्या फोनच्या बॅटऱ्या पाळी संपायच्या आत उतरत, त्याचे एक कारण हे होते. आम्ही मात्र बॅटऱ्याच बदलत होतो.

म्हणून पहिला नियम: बोलणाऱ्या फोनला स्वतंत्र बांध घातलेला तुकडा हवा. संगणक, कॅमेरे आणि पाहुण्यांचे मोबाइल त्यात नकोत.

बांध चुकीच्या जागी घातला

हा नियम कळल्यावर फेब्रुवारीत घाईघाईने दुरुस्ती झाली, आणि ती चुकली. पुरवठादाराच्या माणसाने इमारतीप्रमाणे तुकडे पाडले: कचेरी एक, यार्ड आणि काटा एक, मिलहाऊस एक. कागदावर हे नीटनेटके दिसते. पत्तेही सर्वांना मिळाले. पण यार्डातून बोलत बोलत गव्हाणीकडे निघालेल्या माणसाचा फोन मिलहाऊसच्या दाराशी तुटू लागला. प्रत्येक वेळी, त्याच जागी.

कारण साधे आहे. चालता माणूस एका डब्याच्या टापूतून दुसऱ्या डब्याच्या टापूत जातो, तेव्हा फोन पहिला डबा सोडून दुसरा धरतो. दोन्ही डबे एकाच तुकड्यात असतील तर फोनचा पत्ता तोच राहतो आणि बोलणे चालू राहते. पण दुसरा डबा वेगळ्या तुकड्यात असेल तर फोनला नवा पत्ता घ्यावा लागतो. पलीकडचा माणूस मात्र जुन्याच पत्त्यावर पाकिटे पाठवत असतो. बिऱ्हाड बदलले आणि पत्रे जुन्या घरी जात राहिली, तसा प्रकार.

म्हणून दुसरा नियम: एका बोलण्यात माणूस जिथवर चालत जाईल, तो सगळा टापू फोनसाठी एकाच तुकड्यात असावा. बांध कामाप्रमाणे घालायचा, इमारतीप्रमाणे नव्हे. फार मोठ्या कारखान्यांत मध्यवर्ती नियंत्रक यंत्र बसवून फोनचा जुना पत्ता पलीकडेही सांभाळता येतो, पण आपल्या आवारापुरता तो खर्च करण्याची गरज नाही.

कोणी विचारील, कचेरीपासून बॉयलरपर्यंत एकच तुकडा न्यायचा, तर काय सगळीकडे फोनसाठी वेगळी तार ओढायची? नाही. आजच्या स्विचमध्ये व्हीलॅन नावाची सोय असते. तार एकच, पण त्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या गटाचा शिक्का असतो. यार्डात येणाऱ्या गाड्या एकाच रस्त्याने येतात, पण चिठ्ठीवर गट लिहिलेला असतो म्हणून कोणती गाडी कुठली ते कळते. तसेच हे. एका तारेवरून फोनचा, संगणकांचा आणि कॅमेऱ्यांचा गट न मिसळता जातो.

नवी मांडणी

गाळप संपल्यावर, देखभाल-दुरुस्तीच्या काळात, आम्ही आधी कागदावर नकाशा काढला आणि मगच यंत्रांना हात लावला. मांडणी अशी आहे.

कचेरीचे संगणक: १०.२०.१०.०/२४.

वजनकाट्याची यंत्रे: १०.२०.२०.०/२४. इथे पत्ते कायमचे नेमून दिले आहेत. वहीत नाव नसलेल्याला इथे पत्ता मिळत नाही.

बिनतारी फोन: १०.२०.३०.०/२४.

कॅमेरे: १०.२०.४०.०/२४.

पाहुणे, म्हणजे कर्मचारी आणि चालकांचे मोबाइल: १०.२०.५२.०/२२. यात १०२२ पत्ते.

फोन आज ३६ आहेत. गाळप वाढल्यावर आणखी काही लागतील, दुरुस्तीतून परत आलेले आणि राखीव धरून साठापर्यंत जातील. /२६ चे ६२ पत्ते कसेबसे पुरले असते. पण कसेबसे पुरण्याचा अनुभव आपण घेतला आहे. /२५ पुरेसा होता. तरी /२४ घेतला, कारण तिसऱ्या आकड्यावरूनच काम ओळखू येते. ३० दिसला की फोन, ४० दिसला की कॅमेरा. रात्रपाळीच्या माणसाला बिघाड शोधताना तेवढे बरे पडते. शेजारचा ३१ नंबरचा तुकडा मुद्दाम रिकामा ठेवला आहे. उद्या फोन फारच वाढले तर ३० आणि ३१ मिळून /२३ करता येईल. हा जोड सम आकड्यापासूनच जमतो, म्हणून सुरुवात ३० पासून केली.

फोनच्या पत्त्याची मुदत आठ दिवस ठेवली, म्हणजे पाळीगणिक फेरवाटप नको. पाहुण्यांची मुदत दोन तास. माणूस घरी गेला की पत्ता लवकर मोकळा होतो. पत्त्यांची वही आता अशा यंत्रावर आहे, की वीज गेली तरी ती कोरी होत नाही.

गट कार्यालयांचा विचार वेगळा. तिथून कोणी बोलत बोलत कारखान्यापर्यंत चालत येत नाही. तेव्हा प्रत्येक गट कार्यालयाच्या फोनला स्वतंत्र /२८ चा लहान तुकडा दिला. १४ पत्ते तिथे भरपूर होतात.

वजनकाटा वेगळा का

हा मुद्दा सभासदांनी जरा लक्ष देऊन वाचावा. जुन्या मांडणीत काट्याचा संगणक आणि यार्डातल्या कोणाचाही मोबाइल एकाच बांधात होते. त्यातून काही गैर घडले, असे मुळीच नाही. नोंदी तपासल्या आहेत. पण काट्यावर सभासदाचा विश्वास हीच सहकाराची पुंजी आहे. गैर घडले नाही एवढ्यावर समाधान मानायचे नसते. घडायला वाट राहू नये, हे पाहायचे असते. आता पाहुण्यांच्या तुकड्यातून बाहेरच्या इंटरनेटला आणि नंबर दाखविणाऱ्या पानाला वाट आहे. काट्याकडे, फोनकडे आणि कचेरीकडे जाणारी दारे राउटरवर बंद केली आहेत.

बांध घातला म्हणजे पाणी वाढत नाही

तुकडे नीट पाडले तरी हवा सगळ्यांची एकच आहे. एका डब्याच्या टापूत एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीच्यांना थांबावे लागते. त्यासाठी दोन गोष्टी केल्या.

एक, अग्रक्रम. २००५ साली वायफायच्या नियमांत चार प्रती ठरल्या: आवाज, चित्र, साधे काम, आणि मागे राहिले तरी चालेल असे काम. फोनच्या पाकिटांवर आवाजाचा शिक्का असतो, आणि तो शिक्का डब्यापासून स्विचपर्यंत सर्वांनी मानावा अशी व्यवस्था केली आहे. फोनचा तुकडा वेगळा असल्यामुळे हे सोपे झाले. त्या तुकड्याबाहेरचा कोणी आवाजाचा शिक्का मारून घुसला, तर तो मानला जात नाही.

दोन, डब्यांची जागा. बोलण्यासाठी संदेशाची ताकद उणे ६७ डीबीएमपेक्षा खाली जाऊ नये आणि शेजारच्या डब्यांचे टापू थोडे एकमेकांवर चढावेत, असा प्रघात आहे. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना त्रास न देणारे तीनच मार्ग वापरात आहेत: १, ६ आणि ११. म्हणून फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवले, तिथे मार्ग जास्त आहेत.

पहिली मोजणी दिवाळीपूर्वी रिकाम्या यार्डात झाली होती, आणि ती फसवी होती. ओल्या उसात पाणी असते आणि पाणी रेडिओ लहरी शोषते. भरलेल्या ट्रॉल्यांच्या चार रांगा मध्ये उभ्या राहिल्या, की कागदावरची रेंज जागेवर मिळत नाही. म्हणून यंदा यार्ड भरल्यावर पहिल्या पंधरवड्यात पुन्हा मोजणी करायची ठरली आहे. तोपर्यंत सगळे ठीक झाले, असे मी म्हणणार नाही. यार्डापासून मिलहाऊसपर्यंत बोलत चालण्याची चाचणी सध्या बिनतक्रार होते आहे, एवढेच सांगतो. आणि खबरदारी म्हणून एक जुना तारेचा फोन गव्हाण आणि यार्ड यांच्यामध्ये कायम ठेवला आहे. नवे आले म्हणून जुना दोर लगेच तोडू नये.

सभासदांना विनंती

बॉयलर अग्निप्रदीपनाला आता फार दिवस नाहीत. तेव्हा पुढील गोष्टी आपल्या टोळीच्या मुकादमाला आणि गाडीच्या चालकाला जरूर सांगाव्यात.

एक, मोबाइल फक्त पाहुण्यांच्या वायफायला जोडावा. नाव आणि पासवर्ड यार्डाच्या फलकावर आहे. नंबर तिथूनच दिसेल.

दोन, फोनच्या वायफायचा पासवर्ड कोणाकडे मागू नये. ओळखीचा कर्मचारी देत असला तरी घेऊ नये.

तीन, यार्डात गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ कारण न सांगता थांबली, तर सुपरवायझरला कारण विचारावे. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्या पहाटे कोणी विचारले असते, तर त्यानेही मिलला जाऊन विचारले असते.

आणि पुढे कधी अशा यंत्रांच्या खरेदीचा विषय सभेपुढे आला, तर किंमत विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. यंत्रे एकूण किती, आणि पाच वर्षांनी किती? पत्ते कामाप्रमाणे वाटले की इमारतीप्रमाणे? बोलत चालणारा माणूस बांध ओलांडतो का? वीज जाऊन आली तर कोणाला आधी पत्ता मिळेल? या चारांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

नव्या फोनचे ते दरपत्रक आजही फायलीत आहे. ते घेतले असते तर नवे ३६ फोनसुद्धा त्याच पहाटे तसेच गप्प बसले असते. शेतात पाणी पोहोचत नाही म्हणून आपण मोटार बदलतो, आणि दोष असतो पाटाच्या फुटक्या बांधात. हे आपण शेतकरी लोक चांगले जाणतो; कारखान्यातही तेच ध्यानात ठेवायचे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी